महाभारतात ‘मूळ’ काय आणि मागाहून आलेले काय?
भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीचा परिचय

द्यूतसभेत दुःशासन वस्त्राला हात घालतो, द्रौपदी व्याकूळ होऊन कृष्णाचा धावा करते आणि द्वारकेत बसलेला कृष्ण तिला अखंड वस्त्रे पुरवितो. हा प्रसंग ठाऊक नाही, असे मराठी घर सापडणे कठीण. कीर्तनातून, आजीच्या गोष्टींतून, नाटकांतून आणि १९८८ ते १९९० या काळात दूरदर्शनवर रविवारी सकाळी रस्ते ओस पाडणाऱ्या मालिकेतून तो पिढ्यान् पिढ्या मनावर बिंबला आहे. व्यासांनी महाभारत सांगितले आणि गणपतीने ते लिहून घेतले, हेही आपण शाळेत जाण्यापूर्वीच शिकतो. स्वयंवरमंडपात कर्ण धनुष्याकडे सरसावला तेव्हा ‘मी सूतपुत्राला वरणार नाही’ असे द्रौपदीने त्याला सुनावले, याची हळहळ तर मराठी कादंबऱ्यांनी घरोघर पोहोचविली.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत मात्र हे तिन्ही प्रसंग मुख्य संहितेत नाहीत. हे प्रथमच ऐकणाऱ्या वाचकाच्या मनात साहजिकच प्रश्न येतो : मग ते खोटे होते काय? ते ‘काढून टाकण्याचा’ अधिकार कुणाला आणि कुणी दिला? या प्रश्नांची उत्तरे समजून घेण्यासाठी ही आवृत्ती कशी तयार झाली, तिचे नियम कोणते आणि तिचा दावा नेमका किती, हे पाहणे आवश्यक आहे. धर्मग्रंथ व पुराणकथा यांचा शास्त्रीय अभ्यास म्हणजे काय, हे या एका उदाहरणातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या उदाहरणातून होईल.

एक ग्रंथ, अनेक पोथ्या

महाभारत ‘एक लाख श्लोकांचे’ असे म्हणण्याची परंपरा जुनी आहे. पण हे लाख श्लोक कोणते, हे सर्व भारताने एकमताने कधीच ठरविलेले नव्हते. छापखाना येण्यापूर्वी ग्रंथ हाताने उतरविले जात. काश्मीरमध्ये शारदा लिपीत, नेपाळमध्ये नेपाळी लिपीत, मिथिलेत मैथिली, बंगालमध्ये बंगाली, मध्य व पश्चिम भारतात देवनागरी, तर दक्षिणेत तेलुगू, ग्रंथ व मल्याळम लिप्यांत महाभारताच्या नकला होत राहिल्या. काही पोथ्या भूर्जपत्रावर, काही ताडपत्रावर, तर काही कागदावर आहेत. प्रत्येक प्रदेशात ग्रंथाने थोडे थोडे वेगळे रूप धारण केले.

हे कसे घडते, याचा अनुभव घरातही घेता येतो. आरत्यांची हाताने लिहिलेली वही अनेक घरांत असते. कोल्हापूरच्या घरातील वही आणि नागपूरच्या घरातील वही शेजारी ठेवून पाहिल्या, तर एखाद्या ओळीत शब्द बदललेला आढळतो, एखादे कडवे एकीकडे असते आणि दुसरीकडे नसते. कुणी ऐकले तसे लिहिले, कुणाला शब्द लागला नाही म्हणून त्याने सोपा शब्द घातला, कुणी आवडलेले कडवे दुसरीकडून आणून जोडले. दोन्ही घरांची भक्ती खरीच असते. फरक असतो तो परंपरेच्या वाटचालीचा. महाभारताच्या बाबतीत ही वाटचाल अनेक शतकांची आणि संपूर्ण उपखंडभर पसरलेली आहे.

आज बहुतेक वाचकांना ठाऊक असलेले महाभारत हे प्रामुख्याने नीलकंठ चतुर्धर या टीकाकाराने स्वीकारलेल्या पाठावर आधारलेले आहे. सतराव्या शतकातील हा विद्वान मूळचा गोदावरीकाठच्या कोपरगावचा. त्याचे कार्यक्षेत्र काशी. निरनिराळ्या प्रदेशांतील पोथ्या जमवून, त्यांतील उत्तम वाटणारे पाठ निवडून त्याने आपली संहिता सिद्ध केली आणि तिच्यावर ‘भारतभावदीप’ ही टीका लिहिली. काहीही सुटू नये, हा त्याचा कटाक्ष होता. त्यामुळे अनेक परंपरांतील भर त्याच्या संहितेत एकत्र आली. एकोणिसाव्या शतकात कोलकाता व मुंबई येथे महाभारत छापले गेले, तेव्हा याच प्रकारचा पाठ प्रचारात आला आणि ‘महाभारत म्हणजे हेच’ अशी समजूत दृढ झाली. दक्षिणेतील पाठ कुंभकोणम येथून विसाव्या शतकाच्या आरंभी छापला गेला, तेव्हा दोहोंतील तफावत सर्वांच्या नजरेस आली.

युरोपातील संकल्प, पुण्यातील सिद्धी

सर्व प्रदेशांतील पोथ्या ताडून महाभारताची शास्त्रशुद्ध आवृत्ती काढावी, ही कल्पना प्रथम आग्रहाने मांडली ती मॉरिस विंटरनिट्झ या विद्वानाने, पॅरिस येथे १८९७ मध्ये भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेत. युरोपातील विद्यापीठांनी व अकादमींनी ती उचलून धरली. हाइनरिश ल्यूडर्स यांनी १९०८ मध्ये काही श्लोकांचा नमुनाही तयार केला. पुढे पहिले महायुद्ध पेटले आणि तो संकल्प तेथेच विरला.

इकडे ६ जुलै १९१७ रोजी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची स्थापना झाली. मुंबई सरकारने अनेक वर्षे जमविलेला व डेक्कन महाविद्यालयात ठेवलेला हस्तलिखितांचा मोठा संग्रह संस्थेच्या स्वाधीन करण्यात आला. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारताच्या कामासाठी एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले. स्वतः चित्रकार असलेल्या या राजाने ग्रंथासाठी चित्रे काढण्याचेही अंगावर घेतले. १ एप्रिल १९१९ रोजी सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या हस्ते कामाचा शुभारंभ झाला.

प्रारंभीची वर्षे चाचपडण्यात गेली. नारायण बापूजी उटगीकर यांनी १९२३ मध्ये विराटपर्वाची प्रायोगिक आवृत्ती काढून ती देशोदेशींच्या विद्वानांकडे अभिप्रायार्थ पाठविली. कामाला निश्चित दिशा मिळाली ती १९२५ मध्ये डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक झाल्यानंतर. सुखटणकरांनी केंब्रिजला गणिताचे शिक्षण घेतले होते आणि नंतर बर्लिनमध्ये ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृतचा अभ्यास केला होता. गणितज्ञाची शिस्त आणि संस्कृतज्ञाची जाण यांचा संगम त्यांच्या ठायी झाला होता. त्यांच्या संपादनाखाली १९२७ मध्ये आदिपर्वाचा पहिला भाग आणि १९३३ मध्ये संपूर्ण आदिपर्व प्रसिद्ध झाले. आदिपर्वाला जोडलेली त्यांची इंग्रजी प्रस्तावना आजही भारतीय पाठचिकित्साशास्त्राचा मूलभूत ग्रंथ मानली जाते.

हे काम एकट्या पुण्याचे राहिले नाही. बंगाली पोथ्यांचे पाठ नोंदविण्याचे काम शांतिनिकेतनच्या विश्वभारतीत, तर दक्षिणेकडील पोथ्यांचे तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात चालले. पर्वे निरनिराळ्या विद्वानांकडे सोपविण्यात आली. विराटपर्व रघुवीर यांनी, उद्योगपर्व सुशीलकुमार डे यांनी, तर सभापर्व अमेरिकेतील येल विद्यापीठाचे फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादिले. सुखटणकरांनी आदिपर्वानंतर आरण्यकपर्वही पूर्ण केले. महाभारताच्या अर्थावर मुंबईत त्यांची चार व्याख्याने ठरली होती. चौथे व्याख्यान होण्यापूर्वीच, २१ जानेवारी १९४३ रोजी, त्यांचे निधन झाले. ही व्याख्याने पुढे १९५७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

त्यांच्यानंतर डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि १९६१ पासून डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी प्रमुख संपादकपदाची धुरा वाहिली. अखेर २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत अठरा पर्वांची पूर्तता जाहीर करण्यात आली. प्रकल्पासाठी एकूण १,२५९ पोथ्या विचारात घेण्यात आल्या होत्या. सत्तेचाळीस वर्षांच्या या कामात संपादकांची एक पिढी संपली आणि दुसरी पुढे आली. देश पारतंत्र्यातून स्वतंत्र झाला. निधीची चणचण मात्र बहुतेक काळ कायम राहिली. महाभारताचे खिलपर्व मानल्या जाणाऱ्या हरिवंशाची आवृत्ती त्यानंतर वैद्यांनी पूर्ण केली.

पाठ कसा ठरतो?

चिकित्सक आवृत्ती म्हणजे संपादकाला आवडलेले श्लोक ठेवणे आणि न पटलेले काढणे नव्हे. उलट संपादकाच्या आवडीनिवडीला शक्य तितका लगाम घालण्यासाठीच ही पद्धत आहे.

प्रथम कागदाच्या तक्त्यावर वरच्या ओळीत प्रचलित पाठातील श्लोक एकेक अक्षर सुटे करून लिहिला जाई. त्याखाली प्रत्येक पोथीसाठी एक ओळ असे. पोथीत जे अक्षर वेगळे आढळेल, तेवढेच त्या-त्या रकान्यात भरले जाई. एखादा श्लोक अधिक आढळला तर त्याची स्वतंत्र नोंद होई; नसला तर तसे लिहिले जाई. हजारो श्लोकांचे असे तक्ते तयार झाले. एकट्या आदिपर्वाच्या २३५ पोथ्या ठाऊक होत्या. त्यांतील निवडक ६० पोथ्यांचे पाठ प्रत्यक्ष वापरण्यात आले.

त्यानंतर पोथ्यांचे ‘घराणे’ ठरविण्यात येई. दोन पोथ्यांत एकसारख्या चुका वा एकसारखी भर आढळली, तर त्या एकाच पूर्वज पोथीवरून उतरल्या असण्याचा संभव मोठा. अशा रीतीने उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील अशा दोन मोठ्या परंपरा व त्यांच्या शाखा निश्चित झाल्या. उत्तरेत काश्मीरच्या शारदा लिपीतील आणि दक्षिणेत केरळच्या मल्याळम लिपीतील पोथ्या विशेष महत्त्वाच्या ठरल्या. काश्मीर आणि केरळ ही देशाची दोन टोके. तेथील लेखनिकांनी एकमेकांच्या पोथ्या समोर ठेवून नकला केल्या असण्याची शक्यता कमी. म्हणूनच या दोन टोकांच्या पोथ्या जेथे एकमुखाने बोलतात, तेथील पाठ त्या वेगळ्या होण्यापूर्वीचा, म्हणजे जुना, असला पाहिजे असे अनुमान निघते.

याउलट एखादा प्रसंग केवळ मधल्या प्रदेशांतील पोथ्यांत आहे, काश्मिरी परंपरेत नाही आणि मल्याळम परंपरेतही नाही, तर तो मागाहून आला असावा असे मानणे भाग पडते. दोन दूरच्या परंपरांनी, एकमेकींना न विचारता, तोच एक सुंदर प्रसंग वगळला असेल हे संभवत नाही. लेखनिक पवित्र ग्रंथात भर घालतो. त्यातून सहसा गाळत नाही. हा या पद्धतीचा पाया आहे.

या अनुमानाची एकदा नामी परीक्षाही झाली. आदिपर्व छापून झाल्यावर नेपाळचे राजगुरू हेमराज पंडित यांच्याकडील एका जुन्या पोथीची माहिती सुखटणकरांना मिळाली. ती पोथी संपादनाच्या वेळी उपलब्ध नव्हती. सुखटणकरांनी जे भाग केवळ अनुमानाने वगळले होते, त्यांतील अनेक भाग त्या पोथीत खरोखरच नव्हते.

वगळले म्हणजे नष्ट केले असा अर्थ नाही. मुख्य संहितेत स्थान न मिळालेल्या प्रत्येक लहान भागाला क्रमांक देऊन, तारांकित करून, त्याच पानाच्या तळाशी छापलेले आहे. मोठे भाग परिशिष्टात संपूर्ण दिलेले आहेत. तो भाग कोणकोणत्या पोथ्यांत आढळतो, हेही सोबत नोंदविले आहे. एवढेच नव्हे, तर मुख्य संहितेतील जो शब्द संपादकाला निर्विवाद वाटला नाही, त्याखाली नागमोडी रेघ काढलेली आहे. आपली शंका वाचकापासून न लपविण्याची ही प्रामाणिक रीत आहे. संपादकाचा निर्णय न पटणारा वाचक त्याच पानावरील पुरावा घेऊन त्याच्याशी वाद घालू शकतो.

संहितेतून तळाला गेलेले प्रसंग

आता आरंभीच्या उदाहरणांकडे वळू. गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची कथा आदिपर्वाच्या परिशिष्टात आहे. अनेक स्वतंत्र परंपरांच्या पोथ्यांत ती आढळत नाही, हे विंटरनिट्झ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच दाखवून दिले होते. गणेशोत्सवाच्या शहरात, गणेशभक्तांच्या गावात बसून ही कथा परिशिष्टात ठेवण्याचा निर्णय घेण्यात आला, ही गोष्ट त्या पिढीच्या विद्यानिष्ठेची साक्ष देते.

द्रौपदीने कर्णाला नाकारल्याचा उद्गार मुख्य संहितेत नाही. तो मोजक्या पोथ्यांत आढळतो. कर्णाच्या व्यथेवर उभ्या असलेल्या आधुनिक ललित साहित्याचे मोल त्यामुळे कमी होत नाही. मात्र त्या प्रसंगाच्या आधारे द्रौपदीवर जातीच्या अभिमानाचा आरोप करताना थांबून विचार करावा लागतो.

‘आंधळ्याचा पुत्र आंधळा’ हा द्रौपदीचा बोचरा टोमणाही असाच. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा भीम, अर्जुन, नकुल-सहदेव आणि सेवक हसतात, असे चिकित्सक आवृत्तीतील कथन सांगते. द्रौपदी अन्य स्त्रियांसह हसली, हे येते ते दुर्योधन आपल्या अपमानाचे वर्णन पित्यापाशी करतो तेव्हा, त्याच्याच तोंडून. टोमणा तर कोठेच नाही. एका स्त्रीच्या जिभेमुळे कुलक्षय झाला, असे सहज बोलले जाते. ग्रंथाच्या जुन्या रूपात त्याला आधार मिळत नाही, हे समजणे केवळ पंडितांच्या उपयोगाचे नाही.

भगवद्गीतेचे काय, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. गीता मुख्य संहितेतच आहे. बेलवलकरांनी संपादिलेल्या भीष्मपर्वात ती २३ ते ४० या अध्यायांत येते आणि तिचे श्लोक ७०० आहेत. मात्र गीतेच्या लगेच आधी, कृष्णाच्या सांगण्यावरून अर्जुनाने केलेले दुर्गास्तोत्र प्रचलित पाठात येते, ते येथे मुख्य संहितेत नाही.

या सर्व प्रक्रियेनंतर उरलेल्या अठरा पर्वांची श्लोकसंख्या लाखावरून पाऊण लाखाच्या आसपास येते.

द्रौपदीचा धावा

चिकित्सेची खरी कसोटी लागते ती वस्त्रहरणाच्या प्रसंगी. एजर्टन यांनी संपादिलेल्या सभापर्वात द्रौपदीची प्रार्थना नाही आणि कृष्णाचे आगमनही नाही. दुःशासन वस्त्र ओढतो, आणि एक वस्त्र ओढले की तशाच प्रकारचे दुसरे प्रकट होत राहते, एवढेच सांगितले आहे. हे कोणी केले, याचा खुलासा संहिता करीत नाही. सती स्त्रीचे धर्मानेच रक्षण केले, असे येथे सूचित असावे, असा एजर्टन यांचा अभिप्राय होता. पोथ्यांतील प्रार्थनेचे पाठ एकमेकांशी जुळत नाहीत. निरनिराळ्या परंपरांनी निरनिराळ्या रीतीने ती भर घातल्याचे दिसते.

येथवर निर्णय सरळ वाटतो. पण याच चिकित्सक आवृत्तीच्या उद्योगपर्वात, मुख्य संहितेतच, कृष्णाचा एक उद्गार आहे. आपण दूर असताना द्रौपदीने ‘गोविंद’ म्हणून हाक मारली होती, ते ऋण वाढत गेले असून ते आपल्या हृदयातून जात नाही, अशा आशयाचे तो बोलतो. म्हणजे सभापर्वाच्या जुन्या पाठात प्रार्थना नसली, तरी तिने हाक मारल्याची आठवण ग्रंथाच्या जुन्या थरात आहेच. तीत कृष्ण वस्त्रे पुरविणारा नाही; हाकेला वेळेवर न पोहोचलेला, त्या ऋणाचा सल बाळगणारा सखा आहे.

अभ्यासकांत याविषयी दोन मते आहेत. काहींच्या मते उद्योगपर्वातील हा उद्गार सभापर्वातील प्रार्थनेची प्राचीनता सुचवितो. इतरांच्या मते, या उद्गारावरूनच पुढच्या लेखनिकांना सभापर्वातील प्रसंग विस्तारण्याची प्रेरणा मिळाली. निर्णय काहीही होवो; वाचकाच्या हाती येते ते मोलाचे आहे. एकाच पानावर त्याला दोन कृष्ण दिसतात : वर मुख्य संहितेत धर्माच्या अदृश्य शक्तीने राखलेली द्रौपदी, आणि तळटीपेत शतकानुशतके भक्तांनी आळविलेला, धावून येणारा कृष्ण. भारतातील भक्तीचा उदय आणि विस्तार या दोहोंमधील अंतरात वाचता येतो. तळटीप हा म्हणूनच कचरा नव्हे. तो धर्माच्या इतिहासाचा दस्तऐवज आहे.

आक्षेप आणि मर्यादा

या आवृत्तीवर टीका झाली नाही असे नाही. फ्रेंच विद्वान सिल्व्हँ लेव्ही यांनी आरंभीच सुचविले होते की, नीलकंठाचा प्रचलित पाठ तसाच छापून खाली पाठभेद द्यावेत. नवी संहिता घडविण्याच्या भरीस पडू नये. फ्रान्सच्याच मादलेन बियार्दो यांचा आक्षेप अधिक मूलगामी होता. महाभारत ही मौखिक परंपरेत वाढलेली कथा आहे. तिला एकच मूळ लिखित रूप होते हे गृहीतकच चुकीचे आहे, असे त्यांचे म्हणणे. चिकित्सक आवृत्तीतील संहिता जशीच्या तशी कोणत्याही एका पोथीत नाही, कोणत्याही काळी कोणत्याही गावात ती वाचली गेल्याचा पुरावा नाही, हेही खरेच आहे.

सुखटणकरांना या मर्यादांची जाणीव होती. ‘व्यासांचे मूळ महाभारत’ आपण शोधून काढले, असा दावा त्यांनी कधीच केला नाही. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे मागे जाता येईल तितके मागे जाऊन, जे सर्वांत जुने रूप हाती लागते तेवढेच सादर करणे, हे त्यांचे उद्दिष्ट होते. बहुतेक पोथ्या मागील काही शतकांतील आहेत. कथा मात्र त्याहून कितीतरी प्राचीन. या दोहोंमधील काळात काय घडले, हे पोथ्या सांगू शकत नाहीत, हे त्यांनी मान्य केले. महाभारताचा प्रश्न जगातील अन्य ग्रंथांहून निराळा आहे, असेही त्यांनी बजावले होते.

वाद अजूनही संपलेला नाही. विश्व अडलुरी आणि जॉयदीप बागची या अभ्यासकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सुखटणकरांच्या पद्धतीचे सविस्तर समर्थन केले आहे. आवृत्ती पूर्ण होऊन अर्धशतक लोटल्यावरही तिच्याशी वाद घालण्यासाठी तिचाच आधार घ्यावा लागतो, यातच तिचे यश आहे.

मराठी वाचकाच्या हाती काय आले?

संशोधनाचे जाडजूड खंड सर्वसामान्य वाचकाच्या वाट्याला क्वचितच येतात. या आवृत्तीचे मात्र तसे झाले नाही. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ या १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाला चिकित्सक आवृत्तीचा आधार आहे. गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण यांच्याकडे देवत्वाचे वा खलत्वाचे लेप दूर सारून माणसे म्हणून पाहण्याचे जे धैर्य त्या ग्रंथात आहे, त्यामागे पोथ्यांच्या चाळणीतून आलेली संहिता उभी आहे. १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार या ग्रंथाला मिळाला. त्याच १९६७ साली शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ ही कादंबरी आली. एकाच वर्षी मराठीने महाभारताकडे पाहण्याच्या दोन वाटा उघडल्या : एक चिकित्सेची, दुसरी कल्पनेची. दोन्ही वाटांवर वाचकांची गर्दी झाली. दोहोंची गल्लत मात्र होता कामा नये.

इंग्रजीत शिकागो विद्यापीठाचे यान व्हान बॉइटेनन यांनी याच आवृत्तीवरून पहिल्या पाच पर्वांचा अनुवाद १९७३ ते १९७८ या काळात प्रसिद्ध केला. बिबेक देबरॉय यांनी २०१० ते २०१४ या काळात दहा खंडांत संपूर्ण आवृत्तीचा इंग्रजी अनुवाद पूर्ण केला. जपानचे मुनेओ तोकुनागा यांनी संहिता संगणकावर उतरविली आणि केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी ती तपासून सुधारली. त्यामुळे जगात कोठेही बसून एखादा शब्द महाभारतात कोठे येतो, हे क्षणार्धात शोधता येते. पुण्यात डॉ. मधुकर अनंत मेहेंदळे यांनी महाभारताच्या सांस्कृतिक सूचीचे काम दीर्घकाळ चालविले. वाल्मीकि रामायणाची अशीच चिकित्सक आवृत्ती बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने सात खंडांत काढली. १९७५ मध्ये ती पूर्ण झाली.

ही आवृत्ती प्रथमच हाती घेणाऱ्याने एक पथ्य पाळावे. केवळ वरची संहिता वाचून ‘हेच खरे’ असे म्हणू नये. परिचित प्रसंग वर दिसला नाही, तर तळाशी पाहावे. तेथे नसला तर परिशिष्ट उघडावे. तेथेही नसला तर तो महाभारताच्या पोथ्यांतील नसून पुराणांतून, लोककथेतून वा रंगभूमीवरून आलेला असण्याचा संभव आहे. या तीन पायऱ्या चढल्यावर त्या प्रसंगाचे कूळ बरेचसे उलगडते.

श्रद्धा आणि चिकित्सा

५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर जमावाने हल्ला केला. अमेरिकी लेखक जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकावरून उठलेल्या वादाचे ते पर्यवसान होते. कपाटे फोडण्यात आली, ग्रंथ व हस्तलिखिते यांची नासधूस झाली. त्यानंतर अनेक नागरिक विस्कटलेली पाने गोळा करण्यासाठी व लावून देण्यासाठी संस्थेत गेले. पुढे २००७ मध्ये याच संस्थेतील ऋग्वेदाच्या हस्तलिखितांची नोंद युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटात झाली. जगाने ठेवा मानलेल्या पोथ्या ज्या इमारतीत आहेत, ती इमारत आपल्याच गावात सुरक्षित नव्हती, ही बोच विसरण्याजोगी नाही.

चिकित्सेविषयीचा राग बहुधा एका गैरसमजातून येतो. द्रौपदीचा धावा तळटीपेत आहे, असे अभ्यासक म्हणतो, तेव्हा कृष्ण धावून येत नाही असे तो म्हणत नसतो. देव आहे की नाही, प्रसंग घडला की नाही, या प्रश्नांची उत्तरे पोथ्यांच्या तुलनेतून मिळत नाहीत आणि पाठचिकित्सा ती देऊही पाहत नाही. कोणत्या पोथीत काय आहे आणि त्यावरून कोणता पाठ जुना ठरतो, एवढाच तिचा प्रश्न. पूजाघरातील महाभारत आणि अभ्यासिकेतील महाभारत यांत भांडण लावण्याचे कारण नाही. सुखटणकरांनीही आयुष्यभर अक्षरे मोजल्यावर अखेरची व्याख्याने लिहिली ती महाभारताच्या अर्थावर.

खरी चिंता वेगळी आहे. शारदा किंवा ग्रंथ लिपी वाचणारे, पोथीच्या कडेला लेखनिकाने केलेली खूण ओळखणारे, दहा पोथ्यांतील एका अक्षराच्या फरकासाठी दिवस घालविण्याची तयारी असणारे अभ्यासक घडायला वर्षानुवर्षे लागतात. एक लाख श्लोकांच्या ग्रंथाला सत्तेचाळीस वर्षे देणारी माणसे या शहरात होती, आणि त्यांना पैसा पुरविणारे राजे व पोथ्या उघडून देणारे राजगुरूही होते. त्यांनी एकाही पोथीतील एकही श्लोक फेकून दिला नाही. प्रत्येकाला त्याची जागा दिली आणि तो कोठून आला हे लिहून ठेवले. परंपरेचा याहून मोठा आदर दुसरा कोणता असू शकतो?